दाखल्याची वाट न पाहता

बेंगळुरूतल्या यशवंतपूरला रेल्वेचं जंक्शन आहे, मेट्रो आहे, एपीएमसीचं मोठं यार्ड आहे आणि पुढे लगेच पीण्या इथला कारखान्यांचा पट्टा सुरू होतो. पोटापाण्यासाठी आलेली माणसं इथे उतरतात आणि बरीचशी इथेच राहतात. त्यामुळे इथल्या सरकारी शाळेच्या एका वर्गात कन्नड, तमिळ, तेलुगू, दख्खनी उर्दू, हिंदी अशा घरांतली मुलं शेजारी-शेजारी बसलेली असतात. त्यांत मराठी घरातलंही एखादं असतं. कुणी बेळगाव-निपाणीकडून आलेलं, कुणी सोलापूरकडून. इथूनच यशवंतपूर–पंढरपूर एक्सप्रेस सुटते, त्यामुळे गावाशी येणंजाणंही टिकून असतं.

समजा, अशाच एका घरातली मुलगी दुसरीत आहे. वडील यार्डात हमाली करतात, आई दोन घरची कामं करते. मुलगी बोलकी आहे, बाजारातून सुटे पैसे बरोबर मोजून आणते, पण तिला वाचता येत नाही. फळ्यावरचं उतरवून घेताना निम्मं राहतं. शाळेतल्या बाई म्हणतात, घरी कन्नड बोलत जा. शेजारी म्हणतात, लाडावलीय. आईला वाटतं, गावाकडच्या शाळेतून मधेच काढली म्हणून मागे पडली. प्रत्येकाकडे एकेक कारण आहे आणि प्रत्येक कारण खरं असू शकतं. म्हणूनच ही मुलगी कुणाच्या लक्षात न येता चौथी-पाचवीपर्यंत ढकलली जाते.

विशेष मदतीची गरज असलेली मुलं म्हटलं की डोळ्यांसमोर चाकाची खुर्ची येते, पांढरी काठी येते, कानातलं यंत्र येतं. ती मुलं दिसतात, म्हणून निदान त्यांची नोंद तरी होते. त्यांच्यासाठी या भागात परंपराही जुनी आहे. म्हैसूरला एम. श्रीनिवासराव यांनी १९०१ मध्ये मूकबधिर आणि अंध मुलांची शाळा काढली होती. बेंगळुरूत ‘असोसिएशन ऑफ पीपल विथ डिसॅबिलिटी’ १९५९ पासून काम करते आहे, स्पास्टिक्स सोसायटी ऑफ कर्नाटक १९८० पासून. पण आपल्या दुसरीतल्या मुलीची अडचण बाहेरून दिसत नाही. तिला हवी असलेली मदत मिळायला फार उशीर होतो, आणि या उशिरामागे एक मोठा गैरसमज आहे. तो म्हणजे हातात अपंगत्वाचा दाखला असल्याशिवाय शाळा काही करू शकत नाही.

पहिली पायरी साधी आहे, आणि तीच बहुतेक वेळा वगळली जाते. आधी डोळे आणि कान तपासायचे. वारंवार कान वाहणाऱ्या मुलाला अधूनमधून कमी ऐकू येतं. ‘प’ आणि ‘ब’, ‘त’ आणि ‘द’ यांतला फरक त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाही, मग लिहिताना तो येणार कुठून? मागच्या बाकावरून फळा धूसर दिसणारं मूल ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्याखाली वर्षं काढतं. सरकारी शाळांत यासाठी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ आहे. २०१३ मध्ये या कार्यक्रमाची सुरुवात पालघरहून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. त्याचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा यायला हवं. पथक कधी येणार, हे पालकांनी मुख्याध्यापकांना विचारावं, आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

डोळे-कान ठीक निघाले, तर खरा अवघड प्रश्न पुढे येतो. मुलीला भाषा नवी आहे म्हणून वाचता येत नाही, की वाचण्याचीच अडचण आहे?

इथे लिपीकडे जरा जवळून पाहावं लागतं. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन आहेत. ‘एरडु’ म्हणजे दोन, त्यातला ‘ए’ ऱ्हस्व. ‘एळु’ म्हणजे सात, त्यातला दीर्घ. ‘ओंदु’ म्हणजे एक, ‘ओदु’ म्हणजे वाच. मराठीत हा भेद नाही, त्यामुळे मराठी कानाला तो पटकन ऐकूच येत नाही. आपली मुलगी या जोड्यांत गोंधळत असेल, तर तो भाषेचा परिणाम आहे. सराव झाला, शब्द कानावर पडत राहिले, की तो जातो. तीच मुलगी मात्र कन्नडमध्येही आणि मराठीतही मात्रा भलत्याच अक्षराला देत असेल, शब्दातली अक्षरं मागे-पुढे करत असेल, काल दहादा वाचलेला शब्द आज पहिल्यांदाच पाहिल्यासारखा वाचत असेल, तर भाषेवर खापर फोडून चालणार नाही.

आपल्या लिप्या डोळ्यांना सोप्या नाहीत, हेही मोठ्या माणसांनी आठवून पाहावं. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना मागून. ‘र’ कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पायाशी तिरपी रेघ होतो. ‘अर्क’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ हे तीन शब्द शेजारी ठेवून पाहा. कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली लहान होऊन येतं. ‘अर्कावत्तु’ हे रफाराचं चिन्ह तर अक्षराच्या नंतर लिहायचं आणि आधी वाचायचं. म्हणजे डावीकडून उजवीकडे सरळ वाचत गेलं की झालं, असं या लिप्यांत होत नाही. बेंगळुरूच्या प्रॉमिस फाउंडेशनच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या पहिली ते चौथीच्या मुलांचा अभ्यास केला आणि तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कन्नड अक्षरांची सगळी कुटुंबं पक्की व्हायला चौथीपर्यंतचा काळ जातो, असं त्यात दिसलं. इंग्रजीची २६ अक्षरं वर्षभरात ओळखीची होतात. शेकडो अक्षररूपांच्या लिपीला तेच माप लावून दुसरीतल्या मुलाला ‘ढ’ ठरवणं अन्यायाचं आहे. आणि ‘शिकेल हळूहळू’ म्हणून अडकलेल्या मुलाकडे चौथीपर्यंत न पाहणं, हाही तितकाच अन्याय.

मग फरक करायचा कसा? घरी आईला करता येण्याजोगी एक गोष्ट आहे, आणि ती मराठीतच करायची. वही-पेन्सिल बाजूला ठेवून तोंडी खेळायचं. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरलं? ‘पाट’ला जुळणारा शब्द सांग. भेंड्या खेळताना शेवटचं अक्षर तिला धरता येतं का? घरच्या भाषेतले आवाज सुटे करता येत असतील, तर बहुधा नव्या भाषेने तिला अडवलं आहे. घरच्या भाषेतही हे जमत नसेल, तर शिक्षकांना सांगावं. हे निदान नव्हे. लक्ष द्यायची दिशा मात्र यातून कळते.

शाळेत याचं उत्तर शोधायला एक उत्तम साधन आधीपासून आहे. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला ‘नली-कली’ पद्धत चालते. तिची सुरुवात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात युनिसेफच्या मदतीने झाली, आणि तिच्यामागे ऋषी व्हॅलीच्या शाळांचा अनुभव होता. या पद्धतीत भिंतीवर शिकण्याची एक शिडी असते. तिच्या पायऱ्यांप्रमाणे चित्रांची, अक्षरांची, अंकांची कार्डं असतात, आणि प्रत्येक मूल आपल्या वेगाने वर चढतं. मुलांचे गटही वयावर पडत नाहीत. बाईंची पूर्ण मदत लागणारी मुलं एका गटात, थोडी लागणारी दुसऱ्यात, सोबत्याच्या मदतीने करणारी तिसऱ्यात, असे एकूण पाच गट. कोण कुठल्या पायरीवर आहे याचा तक्ता वर्गातच असतो. म्हणजे एखादी मुलगी एकाच पायरीवर आठवड्यांमागून आठवडे अडली आहे, हे दाखवणारा पुरावा भिंतीवर टांगलेला आहे. त्यासाठी डॉक्टर लागत नाही, यंत्र लागत नाही. बाईंनी तो तक्ता या नजरेने पाहावा लागतो, एवढंच. पालकांनीही ‘कशी आहे माझी मुलगी?’ असं मोघम विचारू नये. ‘शिडीवर कुठे आहे, आणि तिथे किती दिवस आहे?’ असं विचारावं.

आता दाखल्याबद्दल. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती, नव्यात २१ प्रकार आले. त्यांत पहिल्यांदाच अध्ययन अक्षमता आली, म्हणजे वाचनाची, लेखनाची, आकड्यांची विशिष्ट अडचण. ती मोजायची कशी, याच्या सूचना केंद्र सरकारने ४ जानेवारी २०१८ ला काढल्या. त्यांत शाळेने तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, चाचपणी करावी असं म्हटलं आहे. प्रत्येक शाळेत, सरकारी असो वा खासगी, मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती असावी. मग बुद्ध्यंकाची चाचणी, आणि त्यानंतर बेंगळुरूच्याच निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तयार झालेली कसोटी. दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. १४ व्या वर्षी पुन्हा तपासणी, १८ व्या वर्षी पुन्हा, आणि तेव्हा मिळालेला दाखला कायमचा.

आठ वर्षांची अट समजण्यासारखी आहे. त्याआधी लिपीच पुरती हाती आलेली नसते, त्यामुळे घाईने शिक्का मारला जाण्याची भीती असते. पण या अटीचा अर्थ शाळांत भलताच लावला जातो. दाखला आठव्या वर्षी म्हणून मदतही आठव्या वर्षी, असा. खुद्द निम्हान्सच्या कसोटीचा पहिला स्तर ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. लवकर पाहणं शक्य आहे, हे ती कसोटी रचणाऱ्यांनाच मान्य होतं. आणि कायदा तर त्याहून स्पष्ट आहे. कलम १६ प्रमाणे शाळेने मुलांमधली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखायची, ती पार करण्यासाठी शिकवण्यात योग्य ते बदल करायचे, आणि प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी द्यायच्या. या वाक्यांत कुठेही ‘दाखला आणल्यावर’ असं लिहिलेलं नाही.

४० टक्क्यांची गोष्टही अशीच आहे. आरक्षण, शिष्यवृत्ती, सहा ते अठरा वर्षांपर्यंतचं मोफत शिक्षण यांसाठी निदान ४० टक्के अपंगत्व लागतं. वर्गातल्या सोयीसाठी ती अट नाही. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार यांच्या खटल्यात हेच सांगितलं. हाताने लिहिता न येण्याचा विकार असलेल्या या उमेदवाराला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. ४० टक्क्यांची अट ठरावीक लाभांसाठी आहे, सोय मागण्याचा हक्क तिच्यावर अवलंबून नाही, असा न्यायालयाचा निर्वाळा होता. खटला मोठ्या माणसाचा, परीक्षा देशपातळीवरची. तरी यशवंतपूरच्या दुसरीतल्या मुलीसाठी मला हा निकाल सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

महाराष्ट्राने या बाबतीत देशाच्या आधी पाऊल टाकलं होतं. १९९६ मध्ये राज्य सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या तपासणी केंद्रात मुलांची रीघ लागू लागली. पुढे २००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ने हा विषय घराघरांत नेला. हे काम मोठं आहे, आणि त्याने हजारो मुलांची दहावी सुटली. तरी त्याची एक मर्यादा दिसते. आपल्याकडे या अडचणीचं नाव दहावीच्या सवलतींशी जोडलं गेलं. जादा वेळ, लेखनिक, एका भाषेतून सूट. पालक धावपळ करतात ती आठवी-नववीत, दाखल्यासाठी. वाचनाची अडचण मात्र पहिलीत सुरू झालेली असते. मधल्या सात-आठ वर्षांत मुलाने स्वतःबद्दल जे मत करून घेतलेलं असतं, ते कुठल्याच सवलतीने भरून येत नाही.

मदत देणारं माणूस कोण, हे पालकांना ठाऊक असायला हवं. कर्नाटकात शिक्षण खात्याच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये गटशिक्षणाधिकारी असतात, त्यांना सगळे ‘बीईओ’ म्हणतात. त्यांच्या जोडीला संसाधन केंद्र असतं, ते ‘बीआरसी’. तिथे विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेले शिक्षक नेमलेले असतात, त्यांना ‘बीआयईआरटी’ म्हणतात. शाळाशाळांत फिरून मुलं पाहणं, वर्गशिक्षकांना सांगणं-समजावणं, प्रत्येक मुलासाठी वेगळी शिकवण्याची आखणी करणं, वैद्यकीय शिबिरात नाव घालणं ही त्यांची कामं. ज्या मुलांना शाळेत येताच येत नाही, त्यांच्या घरी जाऊन शिकवणंही त्यांच्याकडेच असतं. घरी शिक्षणाची ही तरतूद शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आली. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजेच्या मुलांसाठी दर मुलामागे वर्षाला ३,५०० रुपये आणि मुलींना महिना २०० रुपये विद्यावेतन धरलेलं आहे. चाकाची खुर्ची, कुबड्या, श्रवणयंत्रं अशी साधनं सरकारी ‘अलिम्को’ कंपनीमार्फत शिबिरांत मोजमाप घेऊन दिली जातात. ती कंपनी कानपूरची, पण तिचं एक उत्पादन केंद्र बेंगळुरूत आहे.

एका फिरत्या शिक्षकाच्या वाट्याला किती शाळा येतात, हे पाहिलं तर दुखणं कुठे आहे ते कळतं. मूल महिन्यातून एकदा भेटलं, तर त्याला वाचायला शिकवायचं कधी? २८ ऑक्टोबर २०२१ ला रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सामान्य शाळांतही विशेष शिक्षकांची कायम पदं हवीत, आणि मुलांच्या संख्येशी त्यांचं प्रमाण ठरलेलं हवं, असं बजावलं. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने प्रमाण ठरवलं. प्राथमिकला विशेष गरजेच्या दर १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला दर १५ मुलांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की पदं मंजूर करून जाहीर करा. जवळजवळ साडेतीन वर्षांनी तेच सांगावं लागतं, याचा राग यायलाच हवा. तेवढ्या काळात दुसरीतलं मूल पाचवीच्या शेवटाला पोचतं.

म्हणूनच जी मदत वर्गशिक्षिका आज, विनाखर्च करू शकते तिचं मोल फार आहे. पुढच्या बाकावर बसवणं. फळ्यावरचं सगळं न उतरवता तीनच ओळी उतरवायला सांगणं. सगळ्यांसमोर उभं करून वाचायला न लावणं. ओळीखाली पट्टी धरू देणं. दहाऐवजी पाच गणितं, पण तीही तिची तिने केलेली. उत्तर तोंडी घेणं. नवं अक्षर वाळूत किंवा रव्यात बोटाने गिरवताना त्याचा आवाज मोठ्याने म्हणायला लावणं, म्हणजे डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लागतात. हे सगळं अध्ययन अक्षमता नसलेल्या मुलालाही उपयोगीच पडतं. भाषेमुळे मागे पडलेली मुलगी यातून दोन-चार महिन्यांत उचल घेते. जिला अक्षमता आहे तिची चाल मंदच राहते. अशी मदत देऊनही फरक किती पडला, याची नोंद हाच पुढच्या तपासणीचा भक्कम आधार असतो.

‘घरी मराठी बंद करा’ हा सल्ला मात्र कुणीही मानू नये. दोन भाषांमुळे वाचनाची अक्षमता होत नाही. आईला जी भाषा येते तीच बंद केली, तर मुलीला गोष्टी कोण सांगणार, तिची शब्दसंपत्ती वाढणार कशी? शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. यशवंतपूरच्या कन्नड वर्गात मराठीतून शिकवणं होणार नाही, हे उघड आहे. पण तपासणी होईल तेव्हा घरची भाषा मराठी आहे, हे कागदावर नोंदवलं गेलंच पाहिजे. त्यासाठी साधनही आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाच्या कसोट्या आणल्या, त्या हिंदी, इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा चार भाषांत आहेत. पहिली-दुसरीसाठी वेगळी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळी अशी शिक्षकांनी करायची चाचपणी त्यात आहे. बेंगळुरूतल्या मराठी मुलाच्या दोन्ही भाषा त्या चारांत आहेत. तपासणी फक्त इंग्रजी उताऱ्यांवर होत असेल, तर तिथेच विचारावं की कन्नडमधून आणि मराठीतून का पाहत नाही.

विचारणं तोंडी असलं की ते हवेत जातं, म्हणून लेखी अर्ज द्यावा. मुख्याध्यापकांच्या नावे, साध्या शब्दांत: मुलगी अमुक इयत्तेत आहे, घरची भाषा मराठी आहे, वाचताना या-या अडचणी येतात, शाळेत चाचपणी करून बीआयईआरटी शिक्षकांना दाखवावं, आणि तोपर्यंत वर्गात या-या सोयी द्याव्यात. खाली २०१६ च्या कायद्याचं कलम १६ लिहावं. कन्नडमध्ये लिहून द्यायला शेजारचं कॉलेजात जाणारं पोर मदत करतं. एक प्रत शाळेत, एक बीईओ ऑफिसात, आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. शाळेच्या व्यवस्थापन समितीत, म्हणजे एसडीएमसीत, पालकही सदस्य असतात, त्यांच्यापैकी कुणाला सोबत न्यावं. काहीच हललं नाही, तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

त्या अर्जाची प्रत, नली-कलीच्या तक्त्याचा फोटो, डोळे-कान तपासल्याचे कागद आणि वह्यांची दोन-चार पानं एका फाइलीत घालून ठेवावीत. आठ वर्षं पूर्ण झाली की दाखल्यासाठी सरकारी हॉस्पिटलच्या मंडळापुढे जावं लागेल. तिथे बालरोगतज्ज्ञ असतील, मानसतज्ज्ञ असतील, विशेष शिक्षक असतील, आणि त्यांचा पहिला प्रश्न असेल: हे कधीपासून आहे, आणि आतापर्यंत काय-काय केलं?